फारसी बोलणाऱ्यांना गोंगाटात किती कळतं, ते कसं तपासायचं

साध्या ऑडिओमेट्रीत, म्हणजे कानांच्या नेहमीच्या तपासणीत, शांत खोलीत बीप ऐकवतात, आणि तिथे रिपोर्ट नॉर्मल आला तरी माणूस म्हणतो की चार जण एकदम बोलायला लागले की मला काही कळत नाही. ही तक्रार खरी असते. ती बीपमध्ये सापडत नाही, त्यासाठी गोंगाटातली वाक्यंच ऐकवावी लागतात.

इंग्रजीत क्विकसिन नावाची टेस्ट आहे, तिचा साचा चांगलाय. एका लिस्टमध्ये 6 वाक्यं, प्रत्येकात 5 महत्त्वाचे शब्द, मागे चार जणांची बडबड. पहिल्या वाक्याला आवाज गोंगाटापेक्षा 25 डेसिबल वर असतो, मग 20, 15, 10, 5 आणि शेवटी 0. साचा खुशाल घ्या, पण वाक्यं ट्रान्सलेट करू नका प्लीज, सगळा घोळ तिथेच होतो.

का ते सांगते. फारसीत मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं आणि बरीचशी क्रियापदं जोडीची असतात. गूश म्हणजे कान, दादन म्हणजे देणं, दोन्ही मिळून ऐकणं, आपण कान देऊन ऐकतो ना तसंच. आता ज्याला 'गूश' ऐकू आलं तो पुढचं 'दाद' न ऐकताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्या शब्दाला मार्क दिलात तर तो अंदाजाला दिला, कानाला नाही. म्हणून कर्दन, दादन, ज़दन असली जोडक्रियापदातली क्रियापदं मोजायच्या 5 शब्दांत घेऊच नका.

दुसरं म्हणजे लिहायची फारसी आणि तेहरानमध्ये बोलतात ती फारसी यात फरक आहे. लिहितात नान (रोटी), खाने (घर), आणि बोलताना नून, खूने. पुस्तकी वाक्यं रेकॉर्ड केली तर ती बातम्यांसारखी वाटतात. माझ्या मते रोजच्या बोलण्यातली छोटी वाक्यं घ्यावीत आणि सगळ्या लिस्टमध्ये तीच पद्धत ठेवावी. ऐकणाऱ्याने नूनच्या जागी नान म्हटलं तर मार्क द्यायचा, शब्द तोच आहे.

आणि फारसी म्हणजे फक्त इराण नाही हो. इराणात दूध पण शीर आणि सिंह पण शीर, पण अफगाणिस्तानातल्या 'दरी' नावाच्या फारसीत सिंहाला शेर म्हणतात, आणि क़ाफ आणि ग़ैन हे आवाज तेहरानमध्ये एक झालेत, दरीत वेगळे आहेत. त्यामुळे तेहरानच्या आवाजात केलेली टेस्ट काबूल किंवा ताजिकिस्तानातल्या दुशान्बेच्या माणसाला लावून त्याचे कान खराब ठरवू नका.

मागचा गोंगाट फारसी बडबडीचाच हवा. पंख्याची घरघर मेंदूला बाजूला टाकता येते, पण आपल्याच भाषेतली बडबड लक्ष खेचून घेते, आणि खऱ्या आयुष्यात त्रास त्याचाच होतो. वाक्यं आणि बडबड दोन्हीची सरासरी पातळी आधी सारखी करून घ्या, मगच मिक्स करा, नाहीतर ते 25 आणि 0 हे आकडे नावापुरतेच राहतात.

प्रत्यक्ष टेस्ट सोपी आहे. कॅलिब्रेट केलेले (आवाजाची पातळी मोजून नीट लावलेले) हेडफोन, साधारण 70 डेसिबल पातळी, एक लिस्ट फक्त सरावाला. मग किमान दोन लिस्ट घेऊन सरासरी काढा, एका लिस्टवर विसंबू नका. ऐकवलेली लिस्ट त्याच माणसाला परत द्यायची नाही, वाक्यं लक्षात राहतात. मार्क देणाऱ्याला फारसी नीट यायला हवी, नसेल येत तर उत्तरं रेकॉर्ड करून येणाऱ्याकडून तपासून घ्या.

हिशोब असा: 30 पैकी बरोबर शब्द 27.5 मधून वजा करायचे. 21 बरोबर आले तर 6.5, म्हणजे आवाज गोंगाटापेक्षा 6.5 डेसिबल वर असला तर त्याला अर्धे शब्द कळतात. इंग्रजीत यातून अजून 2 वजा करतात, कारण तिथल्या नॉर्मल लोकांना साधारण 2 डेसिबल लागतात. तो 2 उचलून इथे लावू नका. नॉर्मल कानांच्या फारसी भाषिकांवर आधी सगळ्या लिस्ट चालवा, त्यांची सरासरी काढा आणि तीच वजा करा. एखादी लिस्ट इतरांपेक्षा अवघड निघाली तर सरळ काढून टाका.

शेवटी घरी कुठली भाषा बोलतात ते विचाराच. इराणातल्या तबरीझसारख्या ठिकाणी कितीतरी लोकांची मातृभाषा अझेरी तुर्की आहे, फारसी त्यांची दुसरी भाषा, आणि दुसऱ्या भाषेत गोंगाटात सगळ्यांनाच कमी कळतं. रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी ही भाषाही लिहा.