कारऐवजी इलेक्ट्रिक कार्गो सायकल: नागपुरात घ्यायची असेल तर आधी वजनकाटा काढा

कार्गो सायकल, म्हणजे पोरं आणि सामान वाहून न्यायला बनवलेली सायकल, तिच्याबद्दल विचारणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न रेंजचा असतो, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते. माझं म्हणणं आहे की रेंज हा चौथा-पाचवा प्रश्न आहे, पहिला प्रश्न वजनाचा. नागपुरात घर, शाळा, भाजीबाजार, शिकवणी हे सगळं बहुतेकांचं पाच-सात किलोमीटरच्या आत असतं, त्रिमूर्तीनगरहून धरमपेठ काय किंवा मानेवाड्याहून महाल काय, त्यामुळे रेंज सहसा पुरते. पण दोन पोरं, दोन दप्तरं आणि वरून गोकुळपेठेतली भाजी एवढं सगळं घेऊन सायकल सरळ चालली पाहिजे आणि मुख्य म्हणजे वेळेवर थांबली पाहिजे, आणि हे शोरूममध्ये रिकामी सायकल चालवून कधीच कळत नाही.

म्हणून घरातला वजनकाटा काढा आणि खरोखर लिहून काढा. समजा चालवणारी आई 60 किलो, मोठा मुलगा 26, धाकटी 17, दोन्ही दप्तरं आणि डबे मिळून 8, मुलाची सीट आणि पाय ठेवायच्या पट्ट्या 6, आणि सायकल स्वतः 35. झाले 152 किलो, आणि अजून भाजी घेतलेलीच नाही. आता आपल्या साध्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बघा, बऱ्याचदा 25 किलोची मर्यादा छापलेली असते. म्हणजे साध्या इलेक्ट्रिक सायकलवर मागे सीट लावून दोन मुलं बसवणं हा पर्यायच नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. विकणाऱ्याला दोन आकडे वेगवेगळे विचारा, एक म्हणजे सायकल, चालवणारा आणि सामान मिळून एकूण किती, आणि दुसरा फक्त मागच्या कॅरिअरवर किती. दोन्ही आकडे कागदावर देता येत नसतील तर ती सायकल घेऊ नका. परदेशातल्या चांगल्या फॅमिली कार्गो सायकलींची एकूण मर्यादा 200 किलोच्या आसपास असते, त्यावरून अंदाज येईल.

प्रकार साधारण तीन आहेत. मागे लांब कॅरिअर असलेली लाँगटेल, पुढे पेटी असलेली दोनचाकी आणि पुढे पेटी असलेली तीनचाकी, जशी कोपनहेगनच्या ख्रिस्चियानिया वस्तीत 1984 मध्ये पहिल्यांदा बनली. पेटीवाली पोरांना फार आवडते आणि पोरं डोळ्यासमोर राहतात हा मोठा फायदा, पण पेटीवाल्या दोनचाकीची लांबी अडीच मीटरच्या आसपास जाते, मग महालातल्या किंवा इतवारीतल्या गल्लीत वळवायची कशी आणि फ्लॅटच्या पार्किंगमध्ये ठेवायची कुठे. तीनचाकी थांबली की स्थिर असते पण वळणावर वेगात घेतली तर आतलं चाक उचलतं, शिवाय कायद्याची जी सूट मी खाली सांगतोय ती दोनचाकीसाठी आहे, तेव्हा तीनचाकीचे कागद आधी आरटीओत विचारून घ्या. नागपूरच्या घरांसाठी मला लाँगटेलच बरोबर वाटते, 20 इंची चाकांची. छोटं चाक मजबूत असतं आणि पोरं खाली बसल्यामुळे वजन जमिनीच्या जवळ राहतं, हा फरक ट्रॅफिकमध्ये पाय टेकवताना लगेच जाणवतो.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2(यू) मध्ये सूट आहे, मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, पॅडल असिस्ट, म्हणजे पॅडल मारताना मोटरची मदत, असेल तर 25 ला किंवा पॅडल थांबवलं की मोटरची मदत बंद, ब्रेक व्यवस्थित, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, आणि मॉडेल मान्यताप्राप्त टेस्टिंग एजन्सीने तपासलेलं. हे सगळं असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. त्या एजन्सीच्या सर्टिफिकेटची कॉपी मागून घ्या आणि मोबाइलमध्ये ठेवा. 750 वॅटची किट ऑनलाइन मिळते आणि मेकॅनिक बसवूनही देतो, पण मग ती कायद्याने विनानोंदणीची मोटार गाडी झाली आणि पोरं मागे बसलेली असताना अपघात झाला तर इन्शुरन्सच्या नावाने काहीच हातात नाही. एवढ्यासाठी तरी नको.

250 वॅट पुरतात का? पुरतात, नागपूर सपाट आहे. हिशोब असा की 150 किलो वजन 4 टक्के चढावर ताशी 10 च्या वेगाने न्यायला साधारण 200 वॅट लागतात, त्यातले थोडे तुमच्या पायांचे. चढ हळू चढेल, पण चढेल. फक्त गिअर हवेतच, सिंगल स्पीड घेऊ नका. टेस्ट राइड घ्यायची तर फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे चढणाऱ्या रस्त्यावर घ्या, आणि मागे तांदळाच्या वीस-वीस किलोच्या दोन थैल्या बांधून. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. त्याच रस्त्याने उतरताना ब्रेकची खरी परीक्षा होते, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, 180 मिलिमीटरची डिस्क आणि लिव्हर दाबताच मोटर बंद होणारा कटऑफ, या तिन्ही गोष्टींवर मी तडजोड करणार नाही. रिमला घासणारे ब्रेक पावसात ओले झाले की एवढ्या वजनाला पुरत नाहीत.

उड्डाणपुलांवर मात्र पोरं घेऊन चढू नका, वर्धा रोडचा असो की कामठी रोडचा. वर कार साठ-सत्तरने जातात आणि आपण चढावर दहा-बाराने, बाजूला व्हायला जागा नाही. खालून जा, सिग्नलवर थांबावं लागलं तरी चालेल. शाळेचा रस्ता एका रविवारी सकाळी एकट्याने चालवून बघा आणि आतल्या लेआउटमधले रस्ते शोधा, बजाजनगर, लक्ष्मीनगर, शंकरनगर या भागात मुख्य रोड टाळून झाडाखालून जाता येतं आणि उन्हाळ्यात त्या सावलीची किंमत कळते. सिमेंट रोडच्या कडेला लक्ष ठेवा, बऱ्याच ठिकाणी रोड आणि बाजूची माती यात चार-सहा इंचांचा फरक आहे, कोणी हॉर्न वाजवला म्हणून घाबरून खाली उतरवली तर लोड असलेली सायकल आडवी होते. कडेपासून तीन फूट आत चालवा आणि तिथेच राहा, मागच्याला थांबू द्या.

ऊन. हा विषय मोठा आहे आणि परदेशी माहितीत तो सापडणार नाही, काहून की तिथे एवढं ऊनच नाही. आपल्याकडे मेमध्ये 45 च्या वर पारा जातो आणि लिथियम-आयन सेल साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात. म्हणजे नवतपात, मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडखाली चार्जिंग लावणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं. उन्हातून आलं की बॅटरी काढा, घरात आणा, तास-दीड तास थंड होऊ द्या, मग रात्री झोपायच्या आधी किंवा पहाटे उठल्यावर लावा, तुम्ही जागे असताना. फरशीवर ठेवून लावा, गादीवर किंवा सोफ्यावर नाही, आणि घराबाहेर पडायच्या दारासमोर तर अजिबात नाही. चार्जर कंपनीचाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावाला जाणार असाल तर फुल करून ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास ठेवा आणि थंड खोलीत ठेवा.

पोरांच्या बाबतीत नियम सोपा ठेवा, एप्रिल-मेमध्ये अकरा ते पाच सायकल निघणार नाही. विदर्भातल्या शाळा तशाही उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात आणि एप्रिलमध्ये बऱ्याच शाळा सकाळच्या होतात, त्यामुळे शाळेच्या फेऱ्या अडत नाहीत, अडतात त्या दुपारच्या लग्नाच्या आणि दवाखान्याच्या. त्यासाठी ऑटो किंवा कॅब, त्यात कमीपणा काही नाही. मागे छत लावायचं तर पांढऱ्या सुती कापडाचं, बाजू उघड्या. पारदर्शक प्लास्टिकचं पावसाळी कव्हर उन्हात लावलं तर आत भट्टी होते, ते जूनपर्यंत काढूनच ठेवा. बेल्टचं धातूचं बक्कल उन्हात तापून मांडीला चटका बसतो, त्यावर कापडाची छोटी पिशवी शिवून घ्या. आणि लाँगटेलवर मागचं पोरगं दिसत नाही, म्हणून प्रत्येक सिग्नलवर त्याच्याशी बोला, उत्तर आलं नाही तर बाजूला घेऊन बघा, झोपलंय की उन्हाने मलूल झालंय.

पोरं बसवायची पद्धत पहिल्या दिवसापासून ठरवून टाका. सायकल रुंद डबल स्टँडवर, सपाट जागेत, ब्रेक दाबून धरलेला, मोटर बंद. आधी मोठं पोरगं चढेल, मग धाकटं उचलून सीटमध्ये, बेल्ट, हेल्मेट, मग दप्तरं दोन बाजूंना सारखी, आणि सगळ्यात शेवटी स्टँड काढायचा. उतरताना उलट. हेल्मेट सायकलचंच घ्या, हलकं असतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी किंवा पत्रा लागलाच पाहिजे, ओढणी, साडीचा पदर आणि पोरांचे पाय तिथेच अडकतात. पहिले आठ-दहा दिवस पोरांऐवजी तांदूळ, पाण्याचे कॅन, काहीही घेऊन फिरा. भरलेला घरगुती गॅस सिलेंडर 30 किलोच्या आसपास असतो, साधारण एका पोराएवढा, पण तो सरावाला घेऊ नका, त्याची वाहतूक एजन्सीलाच करू द्या.

पावसाळ्यात सायकलला शिंतोड्यांचं काही होत नाही, साचलेल्या पाण्याचं होतं. नरेंद्रनगरचा अंडरब्रिज किंवा लोहापूल, जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी भरतं हे सगळ्यांना माहीत आहे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की परत फिरायचं, हब मोटर आणि तिचा कनेक्टर तिथेच असतो. आणि बॅटरी बेसमेंटमध्ये रात्रभर ठेवायची नाही, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या भागात काय झालं ते आपण बघितलंय, झोपेतून उठेपर्यंत पाणी घरात होतं. सायकल धुता येते, बॅटरी बुडाली की ती पुन्हा चार्जिंगला लावायचीच नाही, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून कंपनीला कळवायचं. म्हणूनच निघणारी बॅटरी हवी, तीन-चार किलोची असते, पिशवीत घालून वर नेता येते. पस्तीस किलोची सायकल दुसऱ्या माळ्यावर रोज कोणी नेणार नाही, तिला तळमजल्यावर खांबाला किंवा भिंतीतल्या हुकाला बांधायची सोय सोसायटीकडून आधी मिळवा, सायकल आल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

खर्चाचं थोडक्यात. लोड घेऊन किलोमीटरला 15 वॅट-अवरच्या (हजार वॅट-अवर म्हणजे विजेचं एक युनिट) आसपास धरा, म्हणजे 500 वॅट-अवरच्या बॅटरीत तीसेक किलोमीटर, जाहिरातीत जास्त लिहिलेलं असतं कारण ते एकट्या हलक्या माणसाचं असतं. ती फुल चार्ज करायला चार्जरचं नुकसान धरून 0.6 युनिट लागतं, युनिट 10 रुपये धरला तरी 6 रुपये, म्हणजे किलोमीटरला वीस पैसे. शहरात 15 चा अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल कार किलोमीटरला सात रुपये खाते. पण खरा खर्च बॅटरी बदलण्याचा असतो, तेव्हा घेतानाच नवीन बॅटरीची किंमत आणि वॉरंटी लेखी घ्या आणि दरमहा थोडे पैसे बाजूला टाका. परदेशी मॉडेल मागवलं तर ड्युटी धरून किंमत काही लाखांत जाते, आणि सुटा भाग आला नाही तर सायकल उभी राहते. त्यामुळे टायर, ट्यूब, स्पोक, ब्रेक पॅड, चेन नागपुरातल्या साध्या सायकल दुकानात मिळतील असंच मॉडेल बघा, मोटर आणि कंट्रोलर तेवढे कंपनीचे. साध्या सायकलची फ्रेम कापून वेल्डिंग करून लांब करून देणारेही भेटतात, सामानापुरतं ठीक असेल, पोरं बसवायला नाही.

पंक्चर. हब मोटरचं मागचं चाक काढायचं म्हणजे वायर, कनेक्टर, बहुतेक वेळा अठराचा पाना, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात लावायला तयार नसतो. त्याला सांगा की चाक काढूच नको, टायर एका बाजूने सोडव, ट्यूब ओढून बाहेर घे, तिथेच पॅच मार. हे होतं, फक्त सायकल भरभक्कम स्टँडवर हवी. बेसा, हिंगणा रोडकडे बाभळीचे काटे फार, तिकडे राहत असाल तर ट्यूबमध्ये सीलंट आधीच भरून ठेवा. महिन्याभराने मागच्या चाकाचे स्पोक ताणून घ्या, नवीन चाकाचे ढिले होतात आणि लोडमध्ये एक तुटला की शेजारचे लागोपाठ जातात. हवा दर आठवड्याला गेजने बघा, अंगठ्याने दाबून नाही.

कार लगेच विकायची घाई करू नका. तिच्या इन्शुरन्सची तारीख बघा आणि तोपर्यंत दोन्ही ठेवा, पण मधे एक अख्खा मे महिना आणि एक अख्खा जुलै महिना गेला पाहिजे. किल्ली कपाटात ठेवा आणि जेव्हा काढावी लागेल तेव्हा कशासाठी काढली ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तान्ह्या पोळ्याला पोराचा लाकडी बैल न्यायचा असेल, सायकलवर जातो. आजीला मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, न्यायचं असेल तर नाही जात. रामटेकला जायचं असेल तर नाही. त्या यादीत ऑटोने किंवा भाड्याच्या गाडीने भागेल अशाच गोष्टी उरल्या तर विका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी वारंवार लागत असेल तर ठेवा आणि दुसरी टू-व्हीलर विका. विकली तर आरसी नवीन मालकाच्या नावावर झाली का ते परिवहनच्या वेबसाइटवर स्वतः तपासा आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.