वेदना-संशोधनात नव्याने येताय? आधी मोजायला शिका

दीर्घकालीन वेदनेच्या संशोधनात येणाऱ्या बहुतेकांना ओढ असते ती उपचाराची: नवं औषध, नवं इंजेक्शन, नवी व्यायामपद्धती. सुरुवातीचे काही महिने मात्र मोजमापाला द्यावेत. मोजमाप ढिसाळ असेल तर चांगला उपचारही चाचणीत नापास होतो आणि तो का झाला हे नंतर शोधूनही सापडत नाही.

तीन महिन्यांहून जास्त टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उठणारी वेदना ती दीर्घकालीन, एवढी व्याख्या सोपी आहे. खरी गोची पुढे आहे. गुडघ्याची झीज, मधुमेहाने बिघडलेल्या नसा आणि फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेल्या दुखण्याचा दीर्घ आजार) या तिन्हींत रुग्ण 10 पैकी 7 सांगेल, पण तिन्हींमागची यंत्रणा वेगळी असते. ऊतींच्या इजेतून येणारी वेदना, नसांच्या बिघाडातून येणारी वेदना, आणि 2017 पासून स्वीकारलेला तिसरा गट नॉसिप्लास्टिक, म्हणजे इजेचा किंवा नसेच्या बिघाडाचा स्पष्ट पुरावा नसताना वेदनेची प्रक्रियाच बदललेली असणं. तिघांना एकाच चाचणीत कोंबलं की एका गटातला फायदा सरासरीत बुडून जातो. नसांच्या वेदनेसाठी डीएन4 ही प्रश्नावली हाताशी ठेवा. तिच्यात सात प्रश्न आणि तीन तपासण्या आहेत, 10 पैकी 4 किंवा अधिक गुण आले तर संशय घ्यायचा. निदान मात्र त्यावर करू नये, ती फक्त चाळणी आहे.

आता 0 ते 10 चा आकडा: 0 म्हणजे वेदना नाही, 10 म्हणजे कल्पना करता येईल तेवढी सर्वांत वाईट वेदना. “किती दुखतंय?” हा प्रश्न अपुरा आहे. आत्ताची वेदना, गेल्या 24 तासांतली सरासरी आणि त्याच काळातली सर्वांत तीव्र वेदना हे तीन वेगळे आकडे आहेत. मुख्य निष्कर्षासाठी कोणता वापरणार ते आधीच ठरवून लिहून ठेवा. प्रश्न दर वेळी शब्दशः वाचायचा. “मागच्यापेक्षा बरं आहे ना?” असं आपुलकीने विचारलेलं वाक्यसुद्धा आकडा खाली ओढतं. रुग्ण “12” म्हणाला तर 10 चा अर्थ पुन्हा वाचून दाखवा, मनाने 10 लिहू नका. रेषेची पट्टी, म्हणजे जिच्यावर रुग्ण आपल्या वेदनेची खूण करतो ती, वापरत असाल तर ती 100 मिलिमीटरचीच हवी. फोटोकॉपी करताना ती लांबते किंवा आखडते, म्हणून प्रत्येक छपाईनंतर मोजून घ्या.

कागदी डायरीवर विसंबू नका. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डायरी कधी उघडली हे टिपणारा प्रकाश-संवेदक फाइलमध्येच लपवला होता. रुग्णांच्या नोंदींनुसार 90 टक्के वेळा डायरी वेळेवर भरलेली होती, प्रत्यक्षात हे प्रमाण 11 टक्के निघालं. आठवड्याभराच्या नोंदी एका बैठकीत भरल्या जातात. वेळेचा शिक्का मारणारं ॲप किंवा उपकरण वापरा.

दाबयंत्राने, म्हणजे अल्गोमीटरने, वेदनेचा उंबरठा मोजणं दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. टोक 1 चौरस सेंटिमीटरचं, त्वचेशी काटकोनात, आणि दाब एकसारख्या वेगाने वाढवायचा, उदाहरणार्थ सेकंदाला 50 किलोपास्कल. दाबाची जाणीव पहिल्यांदा वेदनेत बदलते तो क्षण रुग्णाने सांगायचा. “असह्य झालं की सांगा” म्हटलंत तर तुम्ही सोशिकता मोजलीत, उंबरठा नव्हे. तीन वाचनांची सरासरी घ्या आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा रुग्णाला दिसू देऊ नका. हात थकला की वेग वाढतो, टोक तिरकं पडतं किंवा हाडावर सरकतं. चुकीची वाचनं बहुधा अशीच येतात. पुन्हा पुन्हा टोचल्यावर वेदना किती वाढते हे पाहणाऱ्या टोचणीच्या चाचणीत एक टोचणी आणि मग सेकंदाला एक अशा दहा टोचण्या यांच्या गुणांचं गुणोत्तर काढतात. पहिल्या टोचणीला रुग्णाने 0 दिला तर गुणोत्तरच निघत नाही, तेव्हा काय करायचं ते नियमावलीत आधी लिहा.

उपचाराच्या चाचणीत सर्वांत फसवा मुद्दा प्रवेशाच्या अटीचा. “वेदना किमान 4 हवी” हे उघड असेल तर सगळे 4 आणि 5 वर गर्दी करतात, आणि प्रवेश मिळताच आकडा आपोआप उतरतो. त्यात लोक दुखणं ऐन जोरावर असताना येतात, म्हणून काहीही न करता थोडी सुधारणा दिसतेच. अट गुप्त ठेवा, सात दिवसांच्या नोंदींची सरासरी धरा आणि तुलनेचा गट कधीही गाळू नका. व्यायामाच्या किंवा मानसोपचाराच्या चाचणीत कोणता उपचार मिळतोय याबाबत रुग्णाला अंधारात ठेवता येत नाही. किमान मोजणाऱ्याला तरी ठेवा.

किती रुग्ण लागतील याचा हिशोब असा: प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) 2.5, शोधायचा फरक 1 गुण, शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) 80 टक्के आणि दुहेरी 5 टक्के पातळी (फरक नसताना तो कोणत्याही दिशेने दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) धरली तर प्रत्येक गटात साधारण 98 जण लागतात. 20 टक्के गळती धरली की साधारण 123. रुग्णाच्या दृष्टीने मात्र वेदना 30 टक्क्यांनी उतरणं ही बऱ्यापैकी सुधारणा मानतात आणि 50 टक्क्यांनी उतरणं ही मोठी, म्हणून सरासरीबरोबर हे प्रमाणही द्या. दुष्परिणामांमुळे सोडून गेलेल्याचा शेवटचा चांगला आकडा पुढे ओढायचा नाही. तसं केलं तर उपचाराला सुधारणेचं श्रेय फुकट मिळतं. अधूनमधून घेतलेल्या वेदनाशामकांची नोंदही ठेवा, नाहीतर चाचणीतलं औषध चाललं की वेदनाशामक गोळी चालली हे सांगता येणार नाही.

हात बसवायला निरोगी सहकाऱ्यांवर एकाच बिंदूवर दोन वेगळ्या दिवशी मापं घ्या. मग दुसऱ्या परीक्षकाला, तुमचे आकडे न दाखवता, तीच मापं घ्यायला सांगा. दोघांच्या मापांतला फरक, उपचारातून अपेक्षित असलेल्या बदलाएवढा येत असेल तर रुग्णभरती पुढे ढकला.