गाणे चांगले, मग माणसे का येत नाहीत? गोव्यातल्या कलाकारांनो, प्रसिद्धीच्या या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोस्टरे येऊन पडू लागतात. घुमट (कातडे चढवलेले मातीचे तालवाद्य) वाजवून आरत्या म्हणणारे पथक, भजनी मंडळ, नाट्यगीतांची मैफल, तियात्र (गाण्यांचे कोंकणी नाटक), किनाऱ्यावरचा डीजे, सगळी एकाच साच्यातली. काळी पार्श्वभूमी, मागून सोनेरी उजेड, मधोमध हाताची घडी घालून उभा कलाकार आणि खाली ठळक अक्षरांत ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’. भजनाला ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’! तयार साचे मोबाइलवर फुकट मिळतात, घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पाच मिनिटांत नाव बदलून देतो, आणि बुवाही खूश असतात.

मग कार्यक्रमानंतर तक्रारी सुरू. माणसे आली नाहीत, गाणे कुणी ऐकले नाही, पेपरात दोन ओळी आल्या नाहीत. सुपारी, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाचे बोलावणे, द्यायला कुणाचा फोन नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच: आपला श्रोता कशावर विश्वास ठेवतो हे न बघता दुसऱ्या प्रकारच्या संगीताची जाहिरात उचलली जाते.

दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा

ख्याल ऐकणाऱ्याचे बघा. माशेल, फोंडा, मडगाव इथला जुना रसिक पोस्टर हातात आले की गायकाच्या फोटोवर फार वेळ घालवत नाही. तो खाली बघतो: तबल्याला कोण, संवादिनीला कोण. मग गुरू कोण, घराणे कोणते. मैफल सकाळची की संध्याकाळची, म्हणजे राग कुठल्या वेळचे मिळणार. एवढे कळले की त्याचे यायचे की नाही ते ठरते. आणि नेमके हेच पोस्टरवर नसते. साथीदारांची नावे ‘जागा पुरली नाही’ म्हणून गळतात. तबलावादक खाप्रूमाम पर्वतकर आणि संवादिनीवादक तुळशीदास बोरकर ज्या भूमीत जन्मले, तिथे तबलजी आणि संवादिनीवाल्याचे नाव गाळणे हा नुसता शिष्टाचाराचा भंग नाही, निम्मे प्रेक्षक घालवायचा उपाय आहे. फोटो हवाच असेल तर गातानाचा द्या, साथीदारांसह. हाताची घडी घातलेल्या गवयाला आवाज कुठून येणार?

याच्या उलट टोकाचीही मंडळी आहेत. ‘केसरबाई कुठे जाहिरात करत होत्या?’ असे म्हणून ती मोबाइलकडे पाठ फिरवतात. केरीच्या ख्यालगायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर होत्या हे खरेच. पण ज्या मोजक्या तबकड्या निघाल्या त्यांतल्याच एका भैरवीमुळे १९७७ साली त्यांचा आवाज व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. तबकडीच नसती तर? कमी द्यावे, निवडून द्यावे, पण काहीच देऊ नये असा अर्थ त्यातून काढायचे कारण नाही. ख्यालवाल्याने आठवड्याला सात रील टाकायची गरज नाही. एका रागाचे बारा-पंधरा मिनिटांचे, तानपुरा नीट ऐकू येणारे एकच चांगले ध्वनिमुद्रण आयोजकाला पाठवता आले तरी काम होते.

तियात्रवाल्यांकडून मात्र आपण शिकावे असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाले, म्हणजे तिकीट विकून प्रेक्षक आणण्याची सव्वाशे वर्षांहून अधिक सवय त्यांच्या हाडीमाशी आहे. तियात्राचा फलक बघा. प्रत्येक गायकाचा, विनोदी नटाचा फोटो आणि नाव असते, कारण प्रेक्षक कथानकाइतकाच अमक्याचे कांतार, म्हणजे गाणे, ऐकायला येतो. आता आपल्या उत्सवी नाटकाचा फलक बघा. वर देवस्थान समिती, मग आमदार, मग सरपंच, मग प्रायोजक हार्डवेअर दुकान, आणि ज्याचे पद ऐकायला गाव जमणार त्या नटाचे नाव मुंगीएवढ्या अक्षरांत. आमदारांचे नाव घ्या, राग नाही. पण ते गाणार नाहीत.

डीजेचे गणित तिसरेच. तिथे माणूस गाणे विकत घेत नाही, रात्र विकत घेतो. जागा कुठली, कोण किती वाजता वाजवणार, प्रवेश किती, हे पहिल्या नजरेत दिसले पाहिजे. तिथली नेहमीची चूक म्हणजे पर्यटक येतात म्हणून कशालाही ‘गोवा ट्रान्स’ म्हणणे. हणजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला आकाराला आलेला हा ठरावीक संगीतप्रकार आहे. २०२३ साली गेलेले डीजे गोवा गिल एका दमात चोवीस तास वाजवत, आणि त्यासाठी जगभरातून लोक येत. त्या नावाखाली हिंदी रीमिक्स वाजले तर जाणकार पंधरा मिनिटांत उठतो आणि परत कधी येत नाही.

लग्नाच्या बँडबद्दल थोडक्यात. तुमचे गिऱ्हाईक नवरा-नवरी नव्हे, त्यांचे आईवडील. त्यांना धुराचे यंत्र लावून स्टुडिओत काढलेला व्हिडिओ दाखवू नका. खऱ्या हॉलमधला, खरी माणसे नाचताहेत असा एका मिनिटाचा तुकडा दाखवा. त्यात एक कोंकणी, एक हिंदी, एक इंग्रजी गाणे. बस्स.

गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांचे उदाहरण सगळेच देतात: १९८४ साली शिवोलीच्या घरात स्वतःच वाजवून, गाऊन कॅसेट तयार केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. ‘स्वतःच सगळे केले’ एवढाच भाग लोक लक्षात ठेवतात. त्यांचा ऐकणारा जिथे यायचा त्याच दुकानांत कॅसेट गेली, हा भाग सुटतो. तुमचा ऐकणारा आज कुठे आहे? भजनाचा व्हॉट्सअॅपवर आणि देवळात, ख्यालाचा यूट्यूबवर आणि सकाळच्या वर्तमानपत्रात, रॉक बँडचा इन्स्टाग्रामवर. स्कूटर तिकडे वळवा.

पेपरात बातमी का येत नाही

वर्तमानपत्राच्या टेबलावर संध्याकाळी सहा वाजता येणारा नमुना असा असतो: ‘नमस्कार साहेब, सोबतची बातमी आपल्या लोकप्रिय दैनिकात ठळक प्रसिद्ध करावी ही नम्र विनंती.’ सोबत एक पीडीएफ. उघडावी तर जुन्या फाँटमधली, मजकूर कॉपी केला की ‘ÃÖÓ¬µÖÖ’सारखी अगम्य चिन्हे. सोबत फोटो, बारा जण रांगेत उभे, नावे नाहीत. मजकुराच्या पहिल्या सहा ओळींत प्रमुख पाहुणे, सन्माननीय अतिथी आणि दीपप्रज्वलन. कार्यक्रम कुठे आणि किती वाजता ते शेवटच्या ओळीत, किंवा नाहीच. आणि कार्यक्रम उद्याचा.

उपसंपादकाने हे सगळे पुन्हा टाइप करावे अशी अपेक्षा असेल तर ती सोडून द्या. मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेसेजमध्ये किंवा वर्ड फाइलमध्ये द्या. पहिल्या वाक्यात कोण, काय, कुठे, कधी. कलाकाराची ओळख तीन ओळींत, ‘सुप्रसिद्ध’, ‘ख्यातनाम’ न लिहिता. गुरू, आकाशवाणीची श्रेणी असेल तर ती, आणि एखादा खरा पुरस्कार पुरे. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि छापताना चेहरे धुरकट येतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकारात जातो. डावीकडून उजवीकडे नावे लिहा. आणि आठवडाभर आधी पाठवा. बातमीपत्रात आमदारांच्या नावाचे स्पेलिंग तीनदा तपासणारे लोक गायिकेचे आडनाव चुकवतात, हेही बघितले आहे.

घुमटाचा व्हिडिओ टाकण्याआधी

२०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले आणि पथकांचे व्हिडिओ खूप वाढले. चांगलेच झाले. पण घुमटाला पूर्वापार घोरपडीचे कातडे चढवत, आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. आता बकरीच्या कातड्याची घुमटे सर्रास मिळतात. तरी काही पथके अभिमानाने कॅमेरा जवळ नेऊन ‘अस्सल’ कातडे दाखवतात, वर त्याची जाहिरातही करतात. हा पुरावा तुम्हीच तयार करून जगाला वाटता आहात. आजोबांच्या काळचे घुमट घरात असेल तर त्याबद्दल वनखात्याकडे विचारणा करा, पण त्याची रील करू नका. पथकाचे वेगळेपण दाखवायला शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळ्यांचा (झांजांचा) ताल आहे, आरत्यांच्या चाली आहेत.

ऑनलाइन टाकले, पण काहीच होत नाही

पहिली तपासणी नावाची. गोव्यात नाईक, गावकर, गावस, परब यांची संख्या बघता एकाच नावाचे दोन-तीन गायक सहज निघतात. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी वितरकामार्फत, म्हणजे कलाकाराचे गाणे तिथे चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत, गाणे जाते तेव्हा ते दुसऱ्याच कुणाच्या पानावर जाऊन बसण्याची शक्यता असते. गाणे बाहेर पडण्याआधीच स्वतःचे कलाकार-पान ताब्यात घ्या. नावाचे एकच रूप पक्के करा आणि सगळीकडे तेच वापरा. एकदा ‘गांवकर’, एकदा ‘गावकर’, रोमी लिपीत तिसरेच असे असले तर शोधणाऱ्याने काय करायचे? जमल्यास गावाचे किंवा वडिलांचे नाव जोडा. आपल्याकडची जुनी रीत आहे ती, उपयोगाची आहे.

दुसरी तारखेची. गाणे तयार झाले की आजच टाकायची घाई होते. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे विचारार्थ पाठवता येते, पण ते प्रसिद्ध व्हायच्या आधीच. किमान ७ दिवस राखून पाठवले तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या यादीतही ते पोचते. प्रसिद्ध झालेले गाणे तिथे पाठवताच येत नाही. चवथीची आरती चवथीच्या आदल्या रात्री टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

तिसरी, विकतचे आकडे. ‘दोन हजारांत पन्नास हजार व्ह्यूज’ सांगणारे फोन सगळ्यांना येतात. २०२४ पासून स्पॉटिफाय उघड बनावट ऐकणी आढळली तर वितरकाकडून दर गाण्यामागे दंड घेते, आणि वितरक तो कलाकाराकडून वसूल करू शकतो. गाणेही काढले जाते. त्याच वर्षापासून, मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळाही न ऐकलेल्या गाण्याचे मानधन तिथे मिळत नाही. भजनी मंडळाने त्या पैशांवर विसंबूच नये. तुमची कमाई सुपारीतून आहे, आणि सुपारी देणारा पन्नास हजारांचा आकडा बघून नव्हे, शेजारच्या गावात तुम्ही कसे गायलात ते विचारून देतो.

चौथी अडचण हक्कांची, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संगीत नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. त्यांची पदे आता कुणीही गावीत. तुकोबांच्या अभंगाचे शब्द तर सगळ्यांचेच. पण त्या अभंगाला चाल कुणाची? गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, म्हणजे त्यांनी बांधलेल्या चाली २०५८ संपेपर्यंत संरक्षित आहेत. ‘अभंग जुना आहे’ म्हणून चालही मोकळी होत नाही. पारंपरिक चाल असेल तर तसे वर्णनात लिहा, दुसऱ्याची असेल तर परवानगीचे बघा.

आणि सगळे स्वतःचे असूनही यूट्यूबवर ‘हे आमचे आहे’ असा कुणाचा हक्काचा दावा आला तर घाबरू नका. दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनलवरची कारवाई, नव्हे. त्याने चॅनल बंद पडत नाही. तयार तानपुऱ्याचा ट्रॅक लावून गाणाऱ्यांना असे दावे येतात, कारण तोच ट्रॅक दुसऱ्या कुणी आपल्या गाण्यात वापरून नोंदवलेला असतो. दाव्यावर हरकत नोंदवा, साधे कारण लिहा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. उत्तर आले नाही की दावा गळून पडतो. रागारागाने व्हिडिओ काढून पुन्हा चढवणारे आधीची सगळी ऐकणी आणि प्रतिक्रिया घालवून बसतात.

वेळ आणि नंबर

उघड्यावरच्या कार्यक्रमाची वेळ ‘रात्री ९’ छापायची, स्वागत-सत्कारात पावणेदहा करायचे आणि १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करा म्हणून पोलीस आले की रागवायचे, हे दरवर्षीचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकारने वर्षातल्या ठरावीक दिवशी सूट दिली असेल तेवढाच अपवाद. संध्याकाळी ६.३० छापा आणि ६.३०ला सुरू करा. दोन-तीन कार्यक्रम तसे केलेत की लोक तुमच्या पोस्टरवरच्या वेळेवर विश्वास ठेवतील. तारीख ठरवतानाही मडगावची दिंडी, वास्कोचा सप्ताह, शेजारच्या गावची जत्रा बघूनच ठरवा.

राहिला फोन नंबर. पथकातल्या ज्या पोराने पोस्टर केले त्याचाच नंबर खाली असतो, आणि पोरगा पुढच्या वर्षी नोकरीला बोटीवर नाहीतर दुबईला. जुने पोस्टर मात्र व्हॉट्सअॅपवर फिरतच राहते, आणि डिचोलीचा कुणी यजमान बंद नंबरला चारदा फोन करून दुसरे पथक बघतो. पथकाच्या नावाने वेगळे सिम घ्या, आणि ते ज्याच्या घरी दुपारी फोन उचलायला कुणीतरी असते त्याच्याकडे ठेवा.