जिप्सीला हेडर बसवताना

हेडर म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसणारा पाइपांचा संच. मारुती जिप्सी किंगच्या १.३ लिटर एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) इंजिनाला ४-२-१ हेडरच घ्यावा, म्हणजे चार पाइपांचे दोन आणि दोनाचा एक होणारा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्याने त्यात १ व ४ आणि २ व ३ नंबरचे पाइप जोडीने येतात, आणि चढावर लागणारी खालच्या आरपीएमची ओढ टिकते. ४-१ हेडरचा (चार पाइप थेट एकात) फायदा वरच्या आरपीएमला. घाटात त्याचा उपयोग थोडाच. नुसत्या हेडरने ताकद फार वाढत नाही, आवाज मात्र नक्की वाढतो.

खरेदी करताना फ्लॅंजवर (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट जाड तोंडावर) स्टीलची पट्टी उभी धरून बघा. खालून उजेड दिसला तर हेडर परत करा. फ्लॅंज ८ मिमीपेक्षा पातळ असेल तर तापून वाकतो. सोबत नवं मॅनिफोल्ड पॅकिंग, डाउनपाइपचं (मॅनिफोल्डखालच्या पाइपचं) पॅकिंग, नवे नट आणि तीन-चार जादा स्टड (इंजिनात बसणारे आटेदार दांडे) आणून ठेवा.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारा. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) मात्र इंजिन कोमट असताना २२ च्या पान्याने सैल करा, गार इंजिनावर त्याचे आटे जातात. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि हीट शील्ड, डाउनपाइप, शेवटी मॅनिफोल्ड या क्रमाने खोला. नट कडेकडून मधे सोडवत या. अडला तर जोर लावू नका. थोडा आवळा, मग सोडा. स्टड तुटलाच तर तुटक्या टोकावर नट वेल्ड करून तो गरम असतानाच फिरवा. हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ड्रिल तिरकं गेलं तर काम लेथवाल्याकडे जातं.

पोर्टमध्ये चिंध्या कोंबून हेडचा पृष्ठभाग साफ करा. ग्राइंडर लावू नका. चिंध्या मोजून काढा.

आता हेडर पॅकिंगशिवाय लावून बघा. स्टिअरिंग शाफ्ट, इंजिन माउंटचं रबर, ब्रेक पाइप आणि वायरिंग यांपासून किमान १५ मिमी अंतर हवं, कारण रेस दिल्यावर इंजिन डुलतं.

पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉन जळून जातं, वर त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो. नट मधून कडेला, तीन फेऱ्यांत, शेवटी साधारण २०–२५ न्यूटन-मीटरवर आवळा. तोवर डाउनपाइप सैलच लटकू द्या. बहुतेक हेडर इथेच वाया जातात: आधी खालचा जोड घट्ट केला की फ्लॅंज ताणात बसतो आणि काही महिन्यांत वेल्डला तडा जातो.

पहिली १०–१५ मिनिटं धूर येईल, तो पाइपवरच्या तेलाचा. गार इंजिनावर 'टिक-टिक' ऐकू आली तर गळती आहे. ही गळती सेन्सरच्या अलीकडे असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते, ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं, ते पेट्रोल वाढवतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. शंभरेक किलोमीटरनंतर गार इंजिनावर नट पुन्हा आवळा.

गाडीला कॅटकॉन (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असेल तर काढू नका. पीयूसी अडेलच, शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. रस्त्यावर गाडी चालवणार असाल तर जुना मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका.