जुनं सॉफ्टवेअर संग्रहात कसं ठेवावं (आणि मूळ मशीन घाईनं निर्लेखित, म्हणजे नोंदीतून रद्द करून मोडीत, का काढू नये)

संग्रहालयात फ्लॉप्या, सीडी, जुने संगणक यायला लागले की पहिला सल्ला ठरलेला असतो: "सगळं एका हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि क्लाउडवर चढवून टाका." हा सल्ला देणाऱ्यावर त्या फाइली दहा वर्षांनी उघडायची वेळ बहुधा आलेली नसते. माझ्यावर ती वारंवार येते, म्हणून हा खटाटोप.

दाखल क्रमांक, फोटो, देणगीपत्र हे तुम्ही करताच. माझी भर एवढीच की खोकं, पुस्तिका आणि डिस्क यांची ताटातूट होऊ देऊ नका. त्या काळचे कित्येक प्रोग्राम सुरू होताना "पुस्तिकेच्या अमुक पानावरचा तमुक शब्द टाइप करा" असं विचारतात. पुस्तिका ग्रंथालयाच्या कपाटात आणि डिस्क वस्तुभांडारात गेली की दोन्ही निकामी. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा बोटभर ठोकळा दिसला तर तो अडॅप्टर समजून भंगारात टाकू नका. तो डोंगल, म्हणजे प्रोग्रामची किल्ली, असू शकतो आणि त्याच्याशिवाय प्रोग्राम हलणार नाही.

डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल एका फाइलीत, घ्या. फाइली माउसनं ओढून कॉपी करू नका. पहिल्या सेक्टरपासून (डिस्कचा सगळ्यात छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत अख्ख्या डिस्कची इमेज घ्या, म्हणजे मशीन सुरू होताना वाचला जाणारा बूट सेक्टर, तारखा आणि पुसलेल्या फाइलींचे अवशेषही येतात. त्याआधी डिस्क लिहिण्यापासून बंद करा. इथे गंमत अशी की साडेतीन इंची फ्लॉपीचं छिद्र उघडं असेल तर ती सुरक्षित, आणि सव्वापाच इंचीची खाच झाकलेली असेल तर ती सुरक्षित. बरोबर उलटं. घाईत चूक झाली तर विंडोज ९५ सारखी सिस्टिम पहिल्याच सेक्टरमध्ये आपली खूण लिहून मोकळी होते. यूएसबीचा स्वस्त फ्लॉपी ड्राइव्ह साध्या १.४४ एमबीच्या डिस्कला पुरतो. कॉपी-संरक्षण असलेल्या किंवा पीसीबाहेरच्या मशीनच्या डिस्कसाठी ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं चुंबकीय फ्लक्स, म्हणजे डिस्कवरचे कच्चे चुंबकीय बदल, वाचणारं साधन लागतं. कुरकुरणारी हार्ड डिस्क असेल तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा. ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांच्या मागे नंतर लागतं. कुठला भाग वाचला, कुठला राहिला याची नोंद असलेली त्याची मॅप फाइलही जपा.

हॅश काढा, म्हणजे फाइलीचा ठसा; फाइल जरा बदलली की तो बदलतो. एसएचए-२५६ ही पद्धत वापरा, ६४ अक्षरं येतात. फाइली आणि त्यांचे हॅश एकत्र ठेवणाऱ्या बॅगइटच्या रचनेत बांधा, तीन प्रती करा, एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. झालं.

फॉरमॅट ओळखा. फाइलीच्या आतल्या खुणांवरून फॉरमॅट ओळखणारा ड्रॉइड हा प्रोग्राम चालवा. फाइलच्या नावामागच्या तीन अक्षरांवर विश्वास ठेवू नका.

आता चालवून दाखवा. इथवर येऊन बहुतेक लोक हात झटकतात, आणि खरं काम इथूनच सुरू होतं. अँडी वॉरहॉल या अमेरिकी चित्रकारानं १९८५ च्या सुमारास अमिगा संगणकावर काढलेली चित्रं २०१४ मध्ये त्याच्या फ्लॉप्यांमधून बाहेर काढली गेली. फ्लॉप्या वाचून झाल्या, तरी काही फाइलींचा फॉरमॅट कुणाला ठाऊकच नव्हता. तो उलगडेपर्यंत हातात नुसते बाइट्स. डिस्क वाचली म्हणजे वस्तू जपली, हा समज तिथेच सोडून द्या.

माझी चूक मात्र याच्या पुढची होती. आमच्याकडे मुलांसाठी केलेला, विंडोजपूर्वीच्या डॉस या सिस्टिमवर चालणारा एक प्रोग्राम आला. स्क्रीनवर एखाद्या देशाची बाह्यरेषा उमटते आणि मुलांनी देश ओळखायचा. इमेज घेतली, हॅश जुळला, डॉसबॉक्समध्ये (जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर) तो पहिल्या झटक्यात चालला. खूश होऊन मी मूळ मशीनच्या निर्लेखनाच्या कागदावर सही केली. जागेची अडचण होतीच. दोन महिन्यांनी प्रदर्शनात प्रोग्राम मांडला. आठ दिवस कुणाची तक्रार नाही. मग तो लिहिणारे गृहस्थ स्वतः आले, मिनिटभर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, रेष हळूहळू उमटायची. ती पुरी व्हायच्या आत नाव सांगायचं, हाच तर खेळ होता." आमच्याकडे आख्खा देश पापणी लवायच्या आत समोर येत होता. उरलं होतं ते भूगोलाचं चित्र. खेळ गायब.

कारण साधं आहे. त्या काळी वेग आवरायला घड्याळाऐवजी रिकामी लूप, म्हणजे त्याच त्या आज्ञांची आवर्तनं, फिरवायचे. "इतक्या हजार वेळा काहीच करू नकोस" असं सांगायचं, की त्या प्रोसेसरवर हवा तेवढा वेळ जायचा. प्रोसेसर वेगवान झाला की तीच लूप क्षणात संपते. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले कित्येक प्रोग्राम तर वेगवान मशीनवर सुरूच होत नाहीत. थांबण्याचा वेळ मोजताना भागाकार फसतो आणि "रनटाइम एरर २००" येतो. लोक डिस्क खराब झाली समजून नवी इमेज घेत बसतात. इम्युलेटरचा वेग उतरवा, चालेल.

पण उतरवायचा किती? मला सांगायला मशीनच उरलं नव्हतं. त्या गृहस्थांना शेजारी बसवलं. मी डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ दाबत वेग कमी करत गेले, ते "अजून… अजून थोडं" म्हणत राहिले. नोंदीत आजही लिहिलेलं आहे: "वेग निर्मात्याच्या आठवणीनुसार." ही ओळ वाचली की अजून लाज वाटते.

म्हणून माझा क्रम असा, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. मूळ मशीन चालू अवस्थेत चित्रित केल्याशिवाय निर्लेखनाचा कागद टेबलावर येऊ द्यायचा नाही.

मशीन आलं की लगेच प्लग लावू नका. आधी उघडा. मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती पाझरून तांब्याच्या रेषा खाते, ती काढावीच लागते. मात्र ती काढली की हार्ड डिस्कची रचना सांगणारे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे मशीन विसरतं. ते डिस्कच्या लेबलवरून आधी उतरवून घ्या. लेबल फाटलेलं असेल आणि बोर्ड शाबूत दिसत असेल, तर बॅटरी काढण्याआधी एकदा चालू करून सेटअपच्या स्क्रीनचा फोटो काढा. ही एक वेळ सोडली तर मूळ हार्ड डिस्कची इमेज झाल्यावरच मशीन चालवायला घ्या.

चित्रण करताना कॅमेरा तिपाईवर, आणि चौकटीत स्क्रीनबरोबर कीबोर्डवरचे हातही हवेत. जुन्या काचेच्या मॉनिटरवर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग हातानं बदलत न्या. ज्या वेगाला पट्टे थांबतात तो आकडाही लिहून ठेवा. मग स्टॉपवॉच घ्या. प्रोग्राममधल्या तीन जागा निवडा, उदाहरणार्थ की दाबल्यापासून रेष पुरी होईपर्यंत, आणि प्रत्येकीची वेळ तीनदा मोजा. निर्माता भेटत असेल तर त्याला शेजारी बसवून बोलतं करा. कागदपत्रांत नसलेल्या गोष्टी तेव्हाच निघतात.

मग इम्युलेटर त्या आकड्यांना जुळवा. आकारही तपासा. डॉसचं ३२० बाय २०० चं चित्र चार-तीनच्या पडद्यावर पसरत असे, म्हणजे तिथला पिक्सेल रुंदीपेक्षा उंच. आजच्या स्क्रीनवर तसंच दाखवलं तर गोल चपटा दिसतो. प्रोग्राममध्ये एक तरी वर्तुळ शोधा आणि स्क्रीनवर पट्टी लावून मोजा. मी खरंच पट्टी लावते. युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीचा देवनागरी फॉन्ट असेल तर त्याची फाइल इमेजसोबत ठेवा, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. तारखेकडेही लक्ष ठेवा. फ्लॅशचा (वेबवरच्या ॲनिमेशन आणि खेळांचं जुनं तंत्र) आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनंच मजकूर अडवायला सुरुवात केली. फ्लॅशची कामं असतील तर रफल हा फ्लॅशचा इम्युलेटर वापरून पाहा, पण मूळ फाइल हलवू नका.

ठरलेली सेटिंग फाइल, इम्युलेटरची आवृत्ती आणि त्याचा इन्स्टॉलरसुद्धा त्याच बॅगेत बांधा. नवा हॅश, नवी नोंद.

हक्कांचं पत्र दाखल करतानाच घ्या. बाळगण्याची परवानगी आणि लोकांना दाखवण्याची परवानगी वेगळी असते. इम्युलेटरवर चालवण्याचा उल्लेख त्यात स्पष्ट हवा. नंतर मागायला गेलात तर कंपनीच बंद झालेली असते.

वर्षातून एकदा पुन्हा चालवा. हॅश जुळणं पुरेसं नाही, स्टॉपवॉच काढायचं. यंदा इम्युलेटरची नवी आवृत्ती टाकल्यावर ४१ सेकंदांची रेष ३३ सेकंदांत संपली. जुना इन्स्टॉलर बॅगेत होता, म्हणून संध्याकाळच्या आत परत ४१ वर आणता आली.