फुलबॅक पुढे सोडायचेत? मग आधी मिडफिल्ड आत घ्या

फुटबॉल टीममध्ये धड विंगर (टचलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेलगत पुढे खेळणारा) एकही नाही, पण मिडफिल्डला, म्हणजे बचाव आणि फॉरवर्डच्या मधे, खेळणारी चार पोरं आहेत आणि दोन्ही बाजूचे बॅक, म्हणजे फुलबॅक, पळायला खमके आहेत, अशी टीम बऱ्याच जणांकडे असते. मग कोच काय करतो तर त्या चारातल्याच दोघांना जबरदस्तीने विंगवर उभं करतो, ती पोरं टचलाइनला चिकटून कंटाळतात आणि मधे आपली माणसं कमी पडतात. त्यापेक्षा चौघांनाही आत घ्या आणि विंग सरळ फुलबॅकच्या नावावर करून टाका. कसं करायचं ते सांगतो, पण हे अकरा जणांच्या मॅचसाठी आहे हां, टर्फवरच्या सेव्हन-अ-साइडला यातलं निम्मंही लागू होत नाही.

बघणारे सगळे पुढे पळणाऱ्या फुलबॅककडे बघतात, पण ही सिस्टिम चालते ती मागे थांबणाऱ्यांवर. १९९४ च्या वर्ल्ड कपचं ब्राझील आठवा, कोच परेराचं. उजवीकडे जॉर्जिन्यो, डावीकडे आधी लिओनार्दो आणि त्याला रेड कार्ड बसल्यावर ब्रँको, सगळे पुढे जाणारे बॅक. मिडफिल्डचे मझिन्यो आणि झिन्यो विंगवर न थांबता आत यायचे. सेमीफायनलला स्वीडनचा बचाव फुटत नव्हता, शेवटी ८० व्या मिनिटाला जॉर्जिन्योने उजवीकडून क्रॉस टाकला आणि स्वीडनच्या उंच बॅकच्या मधे बुटक्या रोमारिओने हेडर मारला, १-०. हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच टीमने अख्ख्या स्पर्धेत, सात मॅचमध्ये, फक्त तीन गोल खाल्ले ते कुणामुळे, तर दुंगा आणि मौरो सिल्व्हा हे दोघं स्टॉपरच्या (बचावात मधे उभ्या असलेल्या दोघांच्या) पुढ्यातून हलायचेच नाहीत म्हणून. त्या वेळी ब्राझीलमध्येच लोक बोंबलत होते की हा काय रटाळ खेळ. बोंबलू देत, कप आला ना.

तर पहिलं काम म्हणजे फुलबॅक निवडायचा नाही, सहा नंबर निवडायचा. स्टॉपरच्या पुढे खेळणारा होल्डिंग मिड. तो फार पळणारा नसला तरी चालतं, पण बॉल कुठे पडणार हे त्याला आधी कळलं पाहिजे आणि मुख्य म्हणजे त्याला गोल मारायची हौस नको. असा माणूस टीममध्ये नसेल तर पुढचं वाचू नका, साधं फ्लॅट ४-४-२ (चार बॅक, सरळ रांगेत चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड) खेळा आणि सुखी रहा.

सहा नंबर मिळाला की मिडफिल्डचा डायमंड करा. खाली सहा नंबर, दोन बाजूला दोन हाफ म्हणजे बाजूचे मिडफिल्डर, वर दहा नंबर म्हणजे हल्ला रचणारा मिडफिल्डर आणि त्याच्या पुढे दोन फॉरवर्ड. आता आत म्हणजे नक्की किती आत हे पोरांना शब्दात सांगून कळत नाही, ते मैदानावर दाखवावं लागतं. मोठ्या मैदानाची रुंदी ६८ मीटर, मोठी डी, म्हणजे गोलसमोरचा पेनल्टी बॉक्स, साधारण ४० मीटर रुंद. म्हणजे डीच्या दोन्ही कडांच्या रेषा मनातल्या मनात हाफलाइनपर्यंत ओढल्या तर दोन्ही बाजूला चौदा-चौदा मीटरचे पट्टे उरतात. बॉल आपल्याकडे असताना चारही मिडफिल्डर त्या डीच्या रुंदीत आणि बाहेरचे दोन पट्टे फुलबॅकचे. एवढा एकच नियम पहिले दोन आठवडे लावा. तुमचं ग्राउंड अरुंद असेल, बऱ्याच ठिकाणी असतंच, तर पट्टाही तेवढा अरुंद होतो आणि तेव्हा मिडफिल्ड अजून आत घ्यावं लागतं.

याचा फायदा होतो तो समोरच्या विंगरची गोची झाली म्हणून. आपले चौघं मधे आणि त्यांचे दोघं किंवा तिघं, मग त्यांना मदतीला विंगरला आत यावं लागतं. तो आत आला की आपला फुलबॅक मोकळा. तो नाही आला, फुलबॅकला धरून बसला, तर मधे आपला एक माणूस कायम जास्त, मग बाहेर बॉल द्यायची गरजच काय, दहा नंबरला द्या आणि थ्रू, म्हणजे बचावाच्या मधून पुढे पास, टाका. म्हणून पोरांना सांगा की पहिली दहा मिनिटं फक्त समोरचे विंगर काय करतायत ते बघा.

फुलबॅक कधी सोडायचा हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळी गडबड इथेच होते. बरेच बॅक आधीच पुढे जाऊन उभे राहतात आणि हात वर करून बॉल मागतात. त्याने काय होतं, तर समोरच्याला त्याला मार्क करायला भरपूर वेळ मिळतो आणि मागची जागा फुकट रिकामी. फुलबॅकने हाफलाइनच्या आसपास थांबायचं आणि आपल्या मिडफिल्डरने बॉल घेऊन तोंड पुढे वळवलं की मगच सुटायचं. पाठ गोलकडे असताना नाही, तोंड पुढे झाल्यावर. त्या क्षणी समोरचे सगळे बॉलकडे बघतात आणि त्यांच्या पाठीमागून पळणारा बॅक कुणाला दिसत नाही. म्हणजे बॉल आणि बॅक दोघं त्या पट्ट्यात एकदमच पोचले पाहिजेत.

आणि एका वेळी एकच बॅक. उजवा सुटला की डाव्याने आत सरकून स्टॉपरच्या शेजारी यायचं, म्हणजे मागे तिघं आणि त्यांच्या पुढे सहा नंबर. शिवाय बॉलपासून लांबच्या बाजूचा हाफ थोडा मागे. हे पाच जण मोजायची सवय लावा. मागे पाच नसतील तर फुलबॅकने जायचं नाही, बॉल मागे फिरवायचा आणि परत मांडणी करायची. क्लॉपच्या लिव्हरपूलचं उदाहरण देऊन पोरं वाद घालतात की ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड आणि रॉबर्टसन हे दोन्ही फुलबॅक एकदम जायचे. जायचे, खरंय, २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये अलेक्झांडर-आर्नोल्डचे १२ असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) आणि रॉबर्टसनचे ११. पण मागे स्टॉपर व्हॅन डाइक होता, त्याच्या पुढे सहा नंबर फाबिन्यो होता, आणि हेंडरसन-वायनाल्डमसारखे हाफ अख्खी मॅच बॅकच्या मोकळ्या जागा भरत होते, त्यांचे असिस्ट कुणी मोजत नाही. तुमच्याकडे व्हॅन डाइक असेल तर तुम्हीही दोघांना सोडा.

आता पट्ट्यात बॉल मिळाला, पुढे काय? आपल्याकडच्या बॅकना बॉल मिळाला की लगेच उंच क्रॉस हाणायची खोड असते. या सिस्टिममध्ये पुढे दोनच फॉरवर्ड, समोर दोन उंच स्टॉपर आणि वर गोली, त्यात उंच क्रॉस म्हणजे बॉल दान. शक्य असेल तर एंडलाइनपर्यंत, म्हणजे गोलच्या रेषेपर्यंत, जायचं आणि बॉल जमिनीवरून मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास ओढायचा. समोरचा बचाव स्वतःच्या गोलकडे पळत असतो, त्याला मागे येणारा बॉल काढता येत नाही. एक फॉरवर्ड जवळच्या पोलवर पळेल, दुसरा थांबेल आणि दहा नंबर उशिरा स्पॉटवर येईल, एवढं वाटून द्या. पावसाळ्यात चिखलात मात्र हा बॉल मधेच अडकतो, तेव्हा गुपचूप उंच टाका, तत्त्वं बाजूला ठेवा.

हे सगळं एका मॅचमध्ये बघायचं असेल तर ३ जून २०१७ ची कार्डिफची चॅम्पियन्स लीग फायनल काढा, रेआल माद्रिद विरुद्ध युव्हेंटस. माद्रिदचा कोच झिदानने विंगर ठेवलेच नाहीत. कासेमिरो, मोड्रिच, क्रूस, वर इस्को, आणि बाहेर कार्वाहाल आणि मार्सेलो. विसाव्या मिनिटाला रोनाल्डोने उजवीकडे कार्वाहालला बॉल दिला, त्याने पहिल्याच टचला डीच्या कडेकडे परत दिला, रोनाल्डोने मारला, गोल. कार्वाहाल हाफलाइनकडून पळत कधी सुटतो ते दोनदा-तीनदा मागे नेऊन बघा, सगळा धडा त्या चार सेकंदात आहे. शेवटचा चौथा गोल डावीकडून, मार्सेलो एंडलाइनपर्यंत घुसला आणि मागे दिला, असेन्सिओने संपवला. ४-१.

पण त्याच मॅचमधला युव्हेंटसचा गोल जास्त वेळा बघा. मांझुकिचची ती बायसिकल किक सगळे बघतात, मला त्याआधीचा बोनुचीचा पास दाखवायचाय. माद्रिद मधे गोळा झालेलं, बोनुचीने मागून लांब तिरका बॉल डाव्या टचलाइनकडे उचलला आणि तिथे अ‍ॅलेक्स सांड्रो मोकळा. त्याने जमिनीवर पडू न देताच आत इग्वाइनला, त्याच्याकडून मांझुकिचला आणि मग ती किक. म्हणजे या सिस्टिमचं दुखणं हेच, सगळे आत असल्यामुळे लांबचा तिरका बॉल आला की तिकडे पोचायला उशीर होतो, आणि समोरचा फुलबॅक तर कायमच मोकळा असतो कारण त्याच्यासमोर आपला विंगरच नाही.

यावर उपाय दोन. एक म्हणजे तो तिरका बॉल टाकूच द्यायचा नाही, त्यासाठी आपल्या एका फॉरवर्डने त्यांच्या बॉल खेळणाऱ्या स्टॉपरवर सतत जायचं, बॉल नाही मिळाला तरी चालेल, त्याला मान वर करायला वेळ द्यायचा नाही. दुसरं, बॉल त्यांच्या फुलबॅककडे गेलाच तर त्याच्यावर आपला त्या बाजूचा हाफ जाणार, फुलबॅक नाही. फुलबॅक त्यांच्या विंगरपाशीच. हाफ बाहेर गेला की सहा नंबर त्याच्या जागी सरकणार आणि लांबचा हाफ सहा नंबरच्या जागी. सगळा डायमंड एकदम सरकला पाहिजे, एकटादुकटा गेला की मधे खिंडार. हाफची मॅचभर अशी येजा चालू असते म्हणून त्या दोन जागांवर नव्वद मिनिटं दम टिकणारीच पोरं लागतात, टेक्निक थोडं कमी असलं तरी मी दम बघेन.

आणि फुलबॅक वर असताना बॉल गेला तर? पहिली पाच सेकंद जवळच्या तिघांनी बॉलवर तुटून पडायचं, चौघंही आधीच मधे जवळजवळ असल्याने हे सोपं जातं. नाही मिळाला तर त्या बाजूचा स्टॉपर बाहेर पट्ट्यात जाईल आणि सहा नंबर खाली स्टॉपरच्या जागी उतरेल. काही कोच सहा नंबरलाच बाहेर पाठवतात, मला ते पटत नाही, कारण मग डीच्या तोंडावर कुणीच राहत नाही आणि समोरच्याला थेट गोल दिसतो. फुलबॅकने परत येताना टचलाइनने पळत यायचं नाही, तिरकं, आपल्या पोलच्या दिशेने यायचं, रस्ता कमी पडतो.

प्रॅक्टिसला एकच खेळ घ्या. अर्धं मैदान, डीच्या कडांपासून हाफलाइनपर्यंत कोन लावून दोन रेषा. आठ विरुद्ध सहा. आठवाल्यांचे मिडफिल्डर रेषेबाहेर गेले की फाउल. फुलबॅकला बाहेरच्या पट्ट्यात पुढे जायला परवानगी कधी, तर मधे एक पास पुढच्या दिशेने झाल्यावरच. जमिनीवरून मागे ओढलेल्या बॉलवर गोल झाला तर दोन पॉइंट, बाकी एक. हाफलाइनवर दोन्ही टोकांना छोटे गोल ठेवा, सहावाल्यांनी बॉल हिसकावला की त्यांना दहा सेकंदात तिकडे गोल करायचा. आणि तुम्ही काय करायचं, तर फुलबॅक सुटला की मधेच शिट्टी मारायची, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि फुलबॅकनेच मागे वळून माणसं मोजायची. पाचच्या खाली असतील तर बॉल समोरच्यांना. सुरुवातीला पोरं जाम वैतागतात, दर दोन मिनिटांनी शिट्टी, पण मग हळूहळू निघायच्या आधीच मान वळवून बघायला लागतात.

बॅक आत मिडफिल्डमध्ये येतो, ग्वार्डिओलाने बायर्नला लाम आणि अलाबाला आणलं तसं, ते वेगळं प्रकरण आहे, त्यात बाहेर विंगर लागतात. दोन्ही एकत्र करू नका, पट्ट्यात कुणीच उरणार नाही.

मॅचमध्ये समोरच्या कोचला तुमचं गणित कळलं तर तो काय करेल ते आधीच धरून चाला. २००५ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलला लिव्हरपूलसमोर मिलानचा असाच डायमंड, पिर्लो खाली, गॅटुसो-सीडॉर्फ बाजूला, काका वर, उजवीकडून काफू, आणि हाफटाइमला ३-०. लिव्हरपूलचा कोच बेनितेझने फुलबॅक फिनानला काढून मिडफिल्डर हामान आणला, मागे तिघं केले, काकाच्या रस्त्यात माणूस उभा केला आणि मिडफिल्डमधली संख्या बरोबरीत आणली. मग डावीकडून रीसेचा क्रॉस, पहिला काफूला लागून परत आला, दुसरा थेट जेरार्डच्या डोक्यावर, आणि सहा मिनिटांत ३-३. तेव्हा समोरच्याने मधे माणूस वाढवला आणि त्यांचे बाहेरचे दोघं वर राहायला लागले, की हट्ट सोडायचा. दहा नंबरला बाजूला सरकवून चौघांची सरळ रांग करायची, दोन्ही फुलबॅक घरी बसवायचे आणि वादळ ओसरेपर्यंत पंधरा मिनिटं काढायची. हा बदल मैदानाबाहेरून ओरडून कुणाला ऐकू जात नाही म्हणून त्यासाठी एक खूण ठरवून ठेवा, आणि ती फिरवायची जबाबदारी सहा नंबरकडे द्या, त्याला सगळं मैदान समोर दिसत असतं.