पॉप गाणे रंगत नसेल, तर मिक्सिंगआधीच्या या चुका टाळा

घरच्या स्टुडिओत गाणे करताना ते फिके वाटू लागले, की अनेक जण लगेच इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर या मिक्सिंगच्या, म्हणजे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याच्या, साधनांकडे वळतात. मात्र बीटल्स या इंग्लिश बँडचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे निर्णय आज मागे वळून पाहिले, तर दोष बहुधा त्याआधीच, म्हणजे लय, रचना आणि वाद्यसंयोजन यांत शिरलेला असतो, असे दिसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चाल ज्या लयीत सुचली, त्याच लयीत ती पक्की करणे. 'प्लीज प्लीज मी' हे गाणे बीटल्सचे जॉन लेनन यांनी अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसन यांच्या धाटणीवर, संथ लयीत रचले होते. मार्टिन यांना ते रेंगाळल्यासारखे वाटले. तेव्हा त्यांनी लय वाढवण्यास सुचवले, आणि २६ नोव्हेंबर १९६२ रोजी मुद्रित झालेल्या जलद आवृत्तीने या चमूला पहिले मोठे यश मिळवून दिले. म्हणून साथ बंद करून मुखडा नुसत्या टाळीवर विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तिन्ही लयींत गाऊन पाहावा. शब्द जेथे ओढावेही लागत नाहीत आणि गिळावेही लागत नाहीत, ती लय निवडावी. लय बदलल्यावर आधीचा आवाज सॉफ्टवेअरने ताणून बसवण्याचा मोह टाळावा, कारण जास्त ताणल्यास व्यंजनांची धार जाते. गायकाला पुन्हा उभे करणेच श्रेयस्कर.

मुखड्याला उशीर होऊ देणे ही दुसरी चूक. 'कान्ट बाय मी लव्ह' हे गाणे थेट मुखड्याच्या ओळीने सुरू करावे, ही सूचना मार्टिन यांचीच होती. आपल्या भावगीतांत ध्रुवपद आधी गाण्याची रीत असूनही आज त्याच्याआधी लांबलचक सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजत राहतो, याचे वाईट वाटते.

वाद्यांची गर्दी हाही नेहमीचा दोष. १९६५ मधील 'यस्टरडे'मध्ये आवाज, गिटार आणि चार तंतुवाद्ये एवढेच आहे. तंतुवाद्यांतही सुरांचा कंप कमीत कमी ठेवावा, असा बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांचा आग्रह होता. एकेक ट्रॅक बंद करून ऐकावे, आणि ज्याची उणीव भासत नाही तो काढून टाकावा.

राहिला प्रश्न मोठ्या आवाजाच्या हव्यासाचा. १९८२ मध्ये मायकल जॅक्सन यांच्या 'थ्रिलर'च्या तबकडीवर एका बाजूस फार वेळाचे संगीत बसवल्यामुळे आवाज दुबळा झाला, आणि निर्माते क्विन्सी जोन्स यांना गाणी छाटून मिक्सिंग नव्याने करावे लागले. आता तबकडीची मर्यादा नाही, पण स्पॉटिफाय गाण्याची पातळी सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचे एकक) आसपास आणते. त्यामुळे लिमिटरने (आवाजाची शिखरे रोखणारे साधन) दाबलेले गाणे मोठे न वाजता केवळ ड्रमचा ठोका बोथट होतो. दाबलेले आणि न दाबलेले असे दोन्ही मिक्स समान पातळीवर आणून ऐकावेत आणि मगच निवड करावी.